तातूंनी न घातलेलं गाऱ्हाणं

तातूंना कुठलीही बातमी सांगितली की ते आधी चपला घालायचे.

फणसाची फांदी पडून वीज गेली, कोणाची तरी म्हैस व्याली, शेजारच्या कट्टा गावच्या बाजारात नवीन डॉक्टर बसायला लागला, काहीही सांगा. आपण सांगत असायचो आणि पायरीवर बसलेल्या तातूंचा एक पाय खाली चपला चाचपत असायचा. सांगून संपलं की मान वर करून ते विचारायचे, "बघान इलंस काय ऐकान?" 'ऐकून' असं उत्तर दिलं की खुंटीवरची काळी छत्री काढायची आणि निघायचं. 'बघून' म्हटलं तर आणखी दोन प्रश्न यायचे, थंय कोण होतां आणि किती वाजता. त्यांची उत्तरं पटली तर चपला पुन्हा पायरीखाली, टाचा भिंतीकडे, बोटं रस्त्याकडे.

आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये तीन घरं. तरी मी त्यांच्याशी पहिल्यांदा धड बोलले ती तेविसाव्या वर्षी. त्याआधी शाळा इंग्रजी माध्यमाची, मग बाहेरगावचं कॉलेज. घरी परत आले ती लॅपटॉप घेऊन. मालवणच्या किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांच्या जाहिराती बनवायचं काम करायचे. घरात बसून, कोणाशी फारसं न बोलता करता येतं म्हणून ते मला आवडायचं. मोबाईलमधलं मला कळतं असं गावाने ठरवल्यामुळे गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिनही मीच झाले. ग्रुपवर मी स्वतः कधी एक ओळ लिहिली नव्हती. मालवणी मला कळायची, पण बोलायला जीभ वळायची नाही, आणि देवनागरीत लिहिताना दर दोन शब्दांनी वाटायचं की कोणीतरी हसणार.

एका पावसाळ्यात ग्रुपवर व्हिडिओ आला, मालवणात समुद्र बाजारात शिरला म्हणून. आईने मला तो तातूंना दाखवायला पाठवलं, कारण त्यांच्याकडे मोबाईल नव्हता. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा मध्येच बोट ठेवलं. पाण्यावर एक होडी आडवी वाहत होती.

"ह्या होड्येक उलांडी खंय आसा?"

मला कळलं नाही. त्यांनी हवेत हाताने दाखवलं. आपल्याकडच्या होडीला तोल सांभाळायला बाजूला एक लाकूड बांधलेलं असतं, ती उलांडी. व्हिडिओतल्या एकाही होडीला ती नव्हती.

"खंयचा तरी आसा ह्या. आपला नाय. बिचाऱ्यांचा नुकसान खूप झालेला दिसता," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "इंग्लिशीत शिकवतत ना बघूक? मगे?"

तातू तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल होते. कोतवाल म्हणजे सरकारी कागद घरोघर पोचवणारा माणूस. नोटीस द्यायची, वाचून दाखवायची, समजली का विचारायचं, आणि मग सही किंवा अंगठा घ्यायचा. वादळात काजूची झाडं पडली तेव्हा पंचनाम्याला ते प्रत्येक पडलेल्या झाडावर हात ठेवून मोजत होते, असं बाबा सांगायचे. साहेब म्हणाले, अहो, इथूनच दिसतायत की. तातू म्हणाले, साहेब, तुमका दिसतत, माका हाताक लागाक होयी.

नोकरी संपली तरी दुसरं काम संपलं नव्हतं. रवळनाथाच्या देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे होता. सगळा गाव सभामंडपात उभा राहतो, एकजण देवापुढे गावाचं सुखदुःख मोठ्याने मांडतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. दुसऱ्या गावांत ठरलेली वाक्यं असतात. तातूंच्या गाऱ्हाण्यात मात्र गावात खरोखर काय चाललंय ते असायचं. कोणाची विहीर आटली, कोणाचं बाळंतपण जवळ आलं, शाळेत मास्तर एकच उरला. त्यासाठी आदल्या आठवड्यात ते तिन्ही वाड्यांत फिरायचे. एका बाईने मुलाला मुंबईत नोकरी लागल्याचं गाऱ्हाण्यात घालायला सांगितलं, तेव्हा त्यांनी नेमणुकीचा कागद मागितला.

"इश्वास नाय काय तातू माझ्यार?" ती रागावली.

"तुझ्यार आसा गो. पण देवाक ऐकीव सांगूचा नाय. देव मुंबैत जावन बघता, माका थंयसर जावक जमाचा नाय. म्हणान कागद दाखय."

एकदा त्यांनी ग्रुप उघडून दाखवायला सांगितला. शाळेच्या सूचनेखाली रांगेने अंगठे होते.

"ह्यो आंगठो कसलो?"

"वाचलं म्हणून देतात, तातू. किंवा बरं वाटलं म्हणून."

"वाचलानी?"

"सगळ्यांनी नसेल वाचलं."

"वाचल्याशिवाय आंगठो मी हयातीत कोणाचो घेवक नाय," म्हणाले, आणि मोबाईल दोन्ही हातांनी, ताट परत करावं तसा मला परत दिला.

आता वस्तीच्या गाडीचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला घेतलं, आणि तेच सांगायला जड जातं.

संध्याकाळी सातला आमच्याकडे बस यायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळामागच्या खोलीत झोपायचे आणि सकाळी सहाला तीच गाडी कट्ट्यावरून कुडाळला जायची. तातूंची नात रेश्मा कुडाळला नर्सिंग शिकत होती, ती त्याच गाडीने जायची आणि त्याच गाडीने यायची. तिचा बाप मुंबईला, आई शेतात. रेश्मा आली की तातू तिच्याकडून दिवसभरात काय शिकली ते वदवून घ्यायचे. स्वतःचा दंड पुढे करून रक्तदाब मोजायला लावायचे आणि आकडा खरा की तिने अंदाजाने सांगितला यावर वाद घालायचे. त्या वादाचा आवाज आमच्या ओटीवर ऐकू यायचा.

गणपतीनंतर डेपोची नोटीस आली. प्रवासी कमी असल्याने गाडी बंद करण्याचं घाटत होतं. गाडी हवी असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि प्रवाशांच्या सह्या दिवाळीच्या आत पोचवायच्या. दोन ऑक्टोबरची ग्रामसभा तोंडावर होती. आणि तिच्या तीन दिवस आधी ग्रुपवर एक रंगीत चित्र आलं. झेंडूच्या माळा, हसणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'वस्तीची गाडी कायम! साहेबांचे जाहीर आभार!' टाकलं होतं माझ्याच अण्णाकाकाने, बाबांच्या चुलतभावाने. त्याला कुठून आलं होतं, त्यालाही नीट सांगता आलं नाही. अर्ध्या तासात चित्राखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. बसमध्ये वर्षानुवर्षं न बसलेल्या लोकांनीही हात जोडले.

मी तातूंना सांगायला गेले. पाय चपलांकडे गेलाच. "तुझी स्कूटर आसा मा? चल."

डेपोत शिरताना त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि त्यांचं मराठी बदललं. "नमस्कार. मी निवृत्त कोतवाल. आमच्या गावची मुक्कामाची गाडी कायम केल्याचा आदेश आपल्याकडे आला आहे काय?"

टेबलामागच्या माणसाने फाईल उलटीपालटी केली. "नाही बुवा. आम्हालाही मोबाईलवरच कळलं."

"म्हणजे आम्हाला आपल्याकडून कळायचं, आणि आपल्याला आमच्याकडून?"

तो माणूस हसला, पण बिचाऱ्याने सरळ सांगितलं, "आजोबा, ठराव आणा. लेखी नसेल तर गाडी बंद होईल."

परतताना तातू स्कूटरवर मागे बसून माझ्या कानात ओरडत होते, "आता तू लिही! ग्रुपार! तुझा सगळे वाचतले! माका तीन वाडये फिराक दोन दिवस लागतत, गुडघो सुजलोहा!"

घरी येऊन मी लिहायला बसले. 'आम्ही डेपोत जाऊन आलो. गाडी कायम झालेली नाही.' पुसलं. 'कृपया गाडीबद्दल खात्री करून घ्यावी.' हे फारच कोणीतरी ऑफिसातलं वाटलं. पुसलं. अण्णाकाका काय म्हणेल, बाबांना काय ऐकावं लागेल, कालची पोर मोठ्यांना खोटं पाडते असं होईल. शिवाय 'खात्री'चं मी 'खातरी' लिहिलं होतं. ग्रुपवर तेवढ्यात आणखी कोणीतरी हात जोडले. मी मोबाईल उशीखाली ठेवला.

संध्याकाळी तातू कुंपणाशी आले. "टाकलंस?"

मी मान हलवली. टाकलं म्हणून.

त्यांनी बघून आलीस का विचारलं नाही, दाखव म्हणाले नाहीत. "बरा झाला," म्हणाले आणि सुजलेला गुडघा चोळत घरी गेले. पुढचे दोन दिवस ते बाहेर पडले नाहीत.

ग्रामसभेला अकरा माणसं आली. गणपूर्ती होईना. ग्रामसेवकाने अर्धा तास वाट बघितली, तातूंच्या सांगण्यावरून आणखी अर्धा. "ग्रुपार सांगलेला ना, गाडी कायम नाय म्हणान?" तातूंनी शेजारच्याला विचारलं. तो म्हणाला, "खंय? तसा कायच येवक नाय." मी दाराजवळ बायकांत बसले होते. तातूंनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. सभा तहकूब झाली, आणि पुढची तारीख दिवाळीनंतरच मिळणार होती.

मग दसरा. सोनं लुटून झाल्यावर सगळा गाव देवळात जमला आणि तातू गाऱ्हाण्याला उभे राहिले. "बा रवळनाथा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात जमली आसत..." "व्हय म्हाराजा!" भात, पाऊस, आजारी माणसं, सगळं नेहमीसारखं झालं. शेवटाकडे अण्णाकाका पुढे सरकला.

"तातू, गाडयेचे आभार ऱ्हवले."

"गाडयेचो कागद मी बघूक नाय. देवाक कसा सांगू?"

"अवो, सगळ्या गावाक ठावक आसा!"

"गावाक ठावक आसा रे. डेपोक ठावक नाय."

काहीजण हसले. बाकीचे चिडले. चांगल्या दिवशी हे कशाला, म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं माझ्या मागे कोणीतरी म्हणालं. तातूंनी समईकडे बघत विचारलं, "डेपोत जावन कोण इलो आसात तर सांगा. मी आभार घालतंय."

ते समईकडेच बघत होते. मला आजही वाटतं, माझ्याकडे बघायचं टाळण्यासाठी. त्या सभामंडपात डेपोत जाऊन आलेलं दुसरं माणूस मी होते. एक वाक्य बोलायचं होतं. खास ग्रामसभा बोलावून ठराव अजून करता आला असता, सह्या गोळा करता आल्या असत्या, दिवाळीला दिवस होते. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. गाऱ्हाणं गाडीचं नाव न घेता संपलं आणि शेवटचं 'व्हय म्हाराजा' पातळ आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पायरीपाशी गेले. "तातू, मी ग्रुपवर टाकलं नव्हतं."

"ठावक आसा. सभेदिवशीच समाजला."

"मग मला ओरडला का नाहीत?"

ते गुडघ्याला तेल लावत होते. "तू म्हटलंस टाकलंय, आणि मी बसान ऱ्हवलंय. उभ्या जन्मात पयल्यांदा ऐकलंय आणि बसलंय. माका उठाक होया होता." तेलाची वाटी सरकवून म्हणाले, "माणूस आपला आसला काय बघूक जाणा नाय बघ आपण. थंयच चुकता."

तेव्हा मी रडले नाही. रडले दिवाळीनंतर, ज्या संध्याकाळी सात वाजले आणि वळणावर हॉर्न वाजला नाही. देवळामागच्या खोलीला कुलूप लागलं. रेश्मा बॅग घेऊन कुडाळला मावशीकडे राहायला गेली. जाताना तिने आजोबांचा रक्तदाब मोजला. तातूंनी आकड्यावर वाद घातला नाही.

पुढची मोठी ग्रामसभा सव्वीस जानेवारीला होती. नवीन वर्ष लागताच तातू छत्री घेऊन माझ्या दारात उभे. "चल. तू बोल. माझा तोंड तेंका पाठ झालाहा."

पहिल्या दारात माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. तातू मुद्दाम अंगणातल्या जास्वंदीकडे बघत राहिले. पाचव्या घरापर्यंत मी डेपोचं गाडी बंद केल्याचं पत्र अडखळत वाचायला लागले. वाचून झालं की तातू विचारायचे, समाजला? खालच्या वाडीत एक काकी म्हणाल्या, "गाडी बंद झाली? गो, ग्रुपार तर चालू आसा!" त्यांनी मोबाईल काढून झेंडूच्या माळांचं चित्र दाखवलंही. गाडी कुठे अडली असेल म्हणून त्या खरंच दोन महिने वाट बघत होत्या. तातू पोट धरून हसले, मग काकीही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी गाडीच्या मागणीच्या कागदावर सही केली. अण्णाकाकाच्या दारात मी एकटीच वर गेले. त्याने पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं, दोनदा. "माका पण कोणी तरी पाठवलेला गो," एवढंच म्हणाला. सहीखाली तारीखही घातली.

सव्वीसला ग्रामसभेत जागा पुरेना, माणसं बाहेर ओटीवर उभी होती. पत्र मी वाचलं. एका जोडाक्षरावर अडकले तेव्हा मागून तो शब्द अण्णाकाकानेच पुरवला. ठराव झाला. डेपोतून उत्तरं यायला, खेपा घालायला उन्हाळा गेला. गाडी जूनमध्ये सुरू झाली. रेश्माचं ते वर्ष मावशीकडेच सरलं होतं. पण पहिल्या संध्याकाळी ती मुद्दाम त्याच गाडीने आली आणि रात्रीच्या जेवणाआधी त्यांच्या घरातून वादाचा आवाज आमच्या ओटीवर आला.

श्रावणात तातूंना धाप लागली म्हणून कुडाळच्या हॉस्पिटलात नेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला ग्रुप वाजला: 'आपले तातू गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.' त्यांचा फोटो, भोवती फुलं. मी उठेपर्यंत खाली जोडलेल्या हातांची रांग लागलीही होती. रेश्माचा फोन लागेना. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, कधी नेणार ते विचार. मी चपला घातल्या.

सहाच्या गाडीत कंडक्टरने तिकीट देताना हळू आवाजात विचारलं, "तातू गेले म्हणे?"

"बघायला चाललेय," मी म्हटलं.

तातू खाटेवर बसून पेज पीत होते. रेश्मा चमचा धरून होती, तिच्या मोबाईलची बॅटरी संपली होती. मी दारातच थांबले. मग मोबाईल पुढे केला. त्यांनी चष्मा मागितला, आपला फोटो बघितला, फुलं बघितली.

"मी गेलंय? बघान कोण इलो?"

"कोणी नाही."

"आणि हात किती जणांनी जोडले?"

"जवळजवळ सगळ्यांनी, तातू."

ते हसायला लागले, हसताना धाप लागली, रेश्मा आम्हा दोघांवर ओरडली. श्वास जाग्यावर आल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू इलंस मा? मगे लिही."

मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसून लिहिलं: 'मी कुडाळला हॉस्पिटलात आहे. तातू माझ्यासमोर पेज पीत आहेत.' पुसलं नाही. त्यांना दाखवलं. त्यांनी ते बोट फिरवत एकेक शब्द वाचलं आणि मग म्हणाले, "लोणच्याचा पण घाल. पेजेबरोबर लोणचा आसा." ते पण घातलं.

त्यानंतर ते घरी आले, अकरा दिवस राहिले. बाराव्या दिवशी सकाळी त्यांच्या घरातून बायकांचा आवाज आला. ग्रुपवर मात्र शांतता होती. कोणी काही टाकलं नाही. माझ्या मोबाईलवर एकेक निरोप यायला लागले, खालच्या वाडीतल्या काकींचा, कंडक्टरचा, अण्णाकाकाचा. सगळ्यांचा प्रश्न एकच होता: तू बघून आलीस का?

तीन घरं. मी चपला घालून चालत गेले. त्यांना ओटीवर निजवलं होतं, रेश्मा मनगट धरून बसली होती, अजून नाडी बघत असल्यासारखी. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी जवळ जाऊन त्यांच्या पावलांवर हात ठेवला. पायरीखाली त्यांच्या चपला होत्या, टाचा भिंतीकडे, बोटं रस्त्याकडे.

त्याच पायरीवर बसून मी ग्रुपवर लिहिलं, त्यांच्या भाषेत, एकदाही न पुसता:

'तातू गेले. मी बघान इलंय.'